‘ठीक’ हे निरीक्षण नव्हे

ठिपका मोहरीच्या दाण्याएवढा होता. संगणकाच्या पडद्यावर, खाली उजव्या कोपऱ्यात, घड्याळाच्या आकड्यांच्या डोक्यावर तो बसवलेला होता. त्याचा हिरवा रंग कोवळ्या पानाचा नव्हता की पोपटाचाही नव्हता. दवाखान्यातल्या पडद्यांचा जो हिरवा असतो, ज्याच्याकडे कितीही वेळ पाहिलं तरी मनात काहीच येत नाही, तो हा हिरवा होता. ताईने तो पारखून निवडला होता. भडक रंगाने डोळे दुखतात, आणि बाबा ठीक आहेत ही काही रोज डोळे दुखावेत अशी बातमी नव्हे, असं तिचं म्हणणं.

हिरवा म्हणजे बाबा ठीक. पिवळा म्हणजे बाबांचा मेसेज अजून यायचा आहे. लाल म्हणजे पळा.

“सुटला प्रश्न,” सगळी जुळणी झाली त्या दिवशी ती नवऱ्याला म्हणाली. “आता यातून मुंगीसुद्धा निसटणार नाही.”

“बाबा निसटायला बघतायत का?” नवऱ्याने विचारलं.

ताईला सगळेच ताई म्हणत. धाकटा भाऊ तर म्हणायचाच, पण ऑफिसात तिच्याहून वयाने मोठी माणसंही म्हणायची. तिथे तिचं काम असं होतं, की लोक वेबसाइटवरच्या रकान्यांत जे काही टाइप करतात ते आत घ्यावं की दारातूनच परत पाठवावं, हे ठरवायचं. लोक काय वाट्टेल ते टाइप करतात. फोन नंबरच्या रकान्यात बायकोचं नाव लिहितात, जन्मतारखेच्या रकान्यात ‘आठवत नाही’ लिहितात, आणि ई-मेलच्या जागी ‘मुलाला विचारा’. या सगळ्यांना अडवायला ताई रेग्युलर एक्सप्रेशन लिहायची. म्हणजे चिन्हांची एका ओळीची चाळणी. कुठलं अक्षर कुठे चालेल, काय आधी यावं, काय मागून यावं, हे त्या एका ओळीत कोंबून बसवलेलं असतं. दुसऱ्या कोणी ती ओळ पाहिली तर कीबोर्डावरून मांजर चालून गेलं असं वाटावं. ताईला मात्र ती सरळ वाचता यायची. तिच्या चाळणीचा ऑफिसात दबदबा होता.

आता प्रश्न काय होता, तर बाबा.

आई गेल्यापासून बाबा दुसऱ्या गावात, बसने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर, एका इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर एकटे राहत होते. गेल्या थंडीत ते न्हाणीघरात घसरले आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंना बादलीवर मग आपटल्याचा आवाज ऐकू जाईपर्यंत तसेच बसून राहिले. हाड मोडलं नाही, पण ताई आणि धाकटा दोघांचंही फोनवर एकमत झालं, की आता बाबांना एकटं ठेवायचं नाही. धाकटा विमानाच्या अंतरावर राहायचा. तेव्हा ताईनेच बाबांना ‘माझ्याकडे राहायला या’ म्हणायचं, हेही ठरलं. एवढं सगळं ठरलं, फक्त म्हणायचं तेवढं राहिलं.

ताईच्या घरी एक छोटी खोली होती. तिच्यात कपडे वाळत घालायचा घोडा, कधीच न चालवलेली व्यायामाची सायकल आणि उघडायची हिंमत न झालेली खोकी होती. नवरा अधूनमधून विचारायचा, खोली रिकामी करू का. ताई म्हणायची, थांब, अजून विचारलं नाही बाबांना. तिला नकाराची भीती वाटायची. आणि खरं सांगायचं तर होकाराचीही वाटायची. खोलीच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसायची, दुसरं काही दिसायचं नाही. बाबांचं सगळं आयुष्य आकाश बघण्यात गेलं होतं.

अवघड गोष्ट विचारायची टाळावी म्हणून माणसं काय काय करतात. कोणी कपाट आवरायला घेतं, कोणी एकाएकी व्यायाम सुरू करतं. ताईने प्रोग्राम लिहिला.

योजना सोपी होती. बाबांनी रोज सकाळी तिच्या एका नंबरवर मेसेज करायचा: मी ठीक आहे. चाळणी तो तपासणार. बरोबर असला तर ठिपका हिरवा होणार आणि बाबांना ताईच्या नावाने उत्तर जाणार. उत्तर रोज तेच गेलं तर यंत्राशी बोलल्यासारखं वाटेल, म्हणून ताईने मायेने चारसहा उत्तरं लिहून ठेवली होती. ‘छान.’ ‘वा, वाचून बरं वाटलं.’ ‘असंच चालू द्या, बाबा.’ प्रोग्राम त्यातलं हाताला लागेल ते उचलून पाठवायचा. मेसेज नाही आला किंवा चाळणीत अडकला, तर थोडा वेळ थांबून ठिपका लाल होणार, आणि ताई, धाकटा व काकू या तिघांचे फोन एकदम बोंबलणार. बाबांना तिने फोन बोंबलण्याचं सांगितलं. उत्तरांचं सांगायचं राहून गेलं.

पहिल्या दिवशी बाबांनी सांगितलं तसंच लिहिलं, फक्त शेवटी पूर्णविराम दिला. ताईच्या चाळणीत सुरुवातीला टोपीसारखं एक चिन्ह होतं आणि शेवटी डॉलरचं. त्यांचा अर्थ असा, की या दोघांच्या मधे जे आहे तेच आणि तेवढंच आलं पाहिजे, मागेपुढे काडीचंही जास्त चालणार नाही. पूर्णविराम जास्त होता. ठिपका लाल झाला. काकू अर्ध्या डोक्याला कलप लावून बसल्या होत्या, त्या तशाच वर धावल्या. बाबा बुटांना पॉलिश करत होते. काकूंच्या कपाळावरून काळं ओघळताना पाहून ते घाबरून उठले आणि त्यांनीच काकूंना खुर्चीवर बसवून पाणी दिलं.

ताईने पूर्णविरामाला परवानगी दिली.

दुसऱ्या दिवशी मेसेज आला: ‘आकाश अंशतः ढगाळ. वारा मंद. डावा गुडघा कालच्यापेक्षा बरा. खोकला नाही.’

ठिपका लाल. काकू वर. या वेळी डोकं धुऊन.

बाबा वेधशाळेत निरीक्षक होते. रोज ठरल्या वेळी उठून तापमान, वारा, ढग, पाऊस बघायचा आणि वरच्या ऑफिसला कळवायचा, हे त्यांनी निवृत्त होईपर्यंत केलं होतं. निवृत्तीला मिळालेलं पितळी दाबमापक भिंतीवर होतं. सकाळी उठल्यावर बाबा आधी त्याच्या काचेवर बोटाने टिचकी मारायचे. काटा अडकलेला असला तर टिचकीने सुटतो. गच्चीवर त्यांनी पाऊस मोजायला एक डबाही मांडला होता. आता हा डबा कोणालाच काही कळवत नव्हता, पण बाबा तो रोज बघून यायचे.

ताईने फोन केला. बाबा, फक्त ‘ठीक’ म्हणा, बाकी काही नको, असं तिने चांगल्या शब्दांत सांगितलं.

“ठीक हे निरीक्षण नाही,” बाबा म्हणाले. “तो निष्कर्ष झाला.”

“मग निष्कर्ष लिहा ना.”

“निष्कर्ष वरच्या ऑफिसने काढायचा असतो. आम्ही काय दिसलं ते लिहितो.”

“आता वरचं ऑफिस मीच आहे असं समजा.”

“मग तू काढ,” बाबा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

धाकट्याला हे कळल्यावर तो म्हणाला, ताई, एक तर माणूस नमुना, त्याला तू आणखी नमुन्यात बसवायला निघालीस. पण घसरण्याचा धसका त्यानेही घेतलेला होता. नुसतं काकूंना कळून काय होणार, त्या वर जाऊन काय करतील, गप्पा? असं म्हणून त्याने तिच्या मागे लागून लागून लाल ठिपक्याला रुग्णवाहिकाही जोडायला लावली. ताईने ती जोडली. काम नेटकं झालं होतं. ते किती नेटकं झालंय हे लवकरच सगळ्या इमारतीला कळलं.

त्या दिवशी मळभ होतं. बाबांनी लिहिलं, ‘दाट ढग. वारा पश्चिमेचा. पाठ धरली आहे.’ मग फोन पलंगावर टाकून, लोकरीची टोपी घालून ते गच्चीवर गेले. प्रोग्रामने नियमाप्रमाणे ‘बाबा, नीट कळलं नाही, पुन्हा लिहा’ असं विचारलं. पलंगाने उत्तर दिलं नाही. ठिपका लाल झाला. ताई तेव्हा मीटिंगमध्ये होती आणि फोन बाहेर ठेवून जायचा नियम होता. धाकट्याकडे मध्यरात्र होती. काकू मात्र जाग्या होत्या आणि जागेवर होत्या. त्या वर गेल्या, बेल वाजवली, दार वाजवलं, आणि मग आपल्याकडे ठेवलेली जादा किल्ली कुलपात घालून एवढ्या जिवाच्या आकांताने फिरवली, की अर्धी किल्ली कुलपात राहिली आणि अर्धी हातात आली.

किल्लीवाला आला. त्याने आधी विचारलं, घर कोणाचं. काकू म्हणाल्या, आत आहेत त्यांचं. तो म्हणाला, मग त्यांना विचारा. काकू म्हणाल्या, ते बोलू शकत असते तर तुला कशाला बोलावलं असतं. हे ऐकून किल्लीवाल्याने डोक्याला हात लावला, मग कुलपाला. तोवर रुग्णवाहिका आली. तिच्या आवाजाने इमारतीतली यच्चयावत माणसं जिन्यात जमली. स्ट्रेचर वळणावर अडकलं. कोणीतरी म्हणालं, घाई नका करू, आता घाई करून काय उपयोग. झालं, त्या एका वाक्याने सगळा जिना गंभीर झाला. बायकांनी पदर आणि ओढण्या तोंडाला लावल्या, पुरुषांनी खिशातले हात बाहेर काढले.

बाबा गच्चीवरून उतरले ते या गर्दीच्या मागच्या बाजूला. पुढचं काही दिसत नव्हतं. त्यांनी शेजारच्या माणसाला हळूच विचारलं, “कोण गेलं?”

तो माणूस नवा भाडेकरू होता. “वरच्या मजल्यावरचे आजोबा,” तो म्हणाला. “एकटेच असायचे म्हणे.”

बाबांनी टोपी काढली आणि हात जुळवून उभे राहिले.

ते बराच वेळ तसे उभे होते, असं नंतर पुष्कळांनी सांगितलं. वरच्या मजल्यावर एकच घर आहे आणि ते आपलं आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं की नाही, हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. शेवटी कुलूप तुटलं, दार उघडलं, रुग्णवाहिकेची माणसं आत जाऊन रिकाम्या हाताने बाहेर आली. काकूंनी मागे वळून पाहिलं. ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं ते गृहस्थ टोपी काढून स्वतःच्याच दारासमोर हात जोडून उभे होते. काकूंना घेरी आली. स्ट्रेचर वर आलेलंच होतं, तेव्हा त्यावरून काकूंना नेलं.

संध्याकाळी काकू रक्तदाबाची गोळी घेऊन परत आल्या आणि हातातला किल्लीचा अर्धा तुकडा त्यांनी बाबांना देऊन टाकला. मला हे झेपायचं नाही, असं त्यांनी ताईला फोनवर सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर ताईला बरं वाटलं असतं.

बाबाही रागावले नाहीत. त्या दिवशी त्यांचा आवाज फार बारीक येत होता. ते म्हणाले, तुझा तो शब्द मी रोजच्या अहवालात कुठेतरी घालीन. लोकांना त्रास नको.

ताईनेही मग आपल्या बाजूने पड खाल्ली. तिने रुग्णवाहिका काढली, काकूंचा नंबर काढायचा तेवढा राहिला, मग चाळणीच्या सुरुवातीची टोपी काढली, शेवटचा डॉलर काढला. आता मेसेजमध्ये कुठेही, कशाच्याही पुढेमागे ‘ठीक’ सापडलं की ठिपका हिरवा.

आणि शांतता झाली. दुसऱ्या दिवशी हिरवा, तिसऱ्या दिवशी हिरवा. पहिले काही दिवस ताईने मेसेज वाचले. ‘धुके. दृश्यमानता कमी. गुडघा ठीक.’ ‘वारा नाही. भूक ठीक.’ मग कामं वाढली आणि तिने वाचणं सोडलं. ठिपका होता ना. आधी ती रोज सकाळी फोन करायची, तोही हळूहळू रविवारवर आला. बाबांची ख्यालीखुशाली कोणी विचारली तर ती पडद्याच्या कोपऱ्याकडे बघून सांगायची, “ठीक आहेत.”

ऑफिसात नव्याने लागलेल्या मुलामुलींना ती याच सुमारास चाळणी कशी लिहावी ते शिकवत होती. तिचं एक वाक्य मुलांनी वहीत उतरवून घेतलं. ती म्हणाली, चाळणी काय आत घेते हे सगळेच तपासतात, जे आत घ्यायला नको ते ती घेत नाही ना, हे कोणी तपासत नाही. मुलं प्रभावित झाली. ताईच्या मागे ठिपका हिरवा होता.

एका रविवारी फोनवर बाबा नेहमीपेक्षा जरा जास्त बोलले.

“अहवाल मिळतात ना गं माझे?”

“मिळतात की. रोज.”

“हो, उत्तर येतं तुझं.” ते म्हणाले, “मग ते ठरलं तसंच ना?”

ताईला वाटलं, शब्द घालायचं म्हणतायत. ती म्हणाली, हो हो, तसंच, आता काही बदलू नका.

“बरं,” बाबा म्हणाले. “तुझ्या सवडीने.”

नंतर नवऱ्याने विचारलं, बोललीस का खोलीचं. ताई म्हणाली, आज कसे छान बोलत होते, कशाला विषय काढायचा.

त्यानंतर काही दिवसांनी काकूंचा फोन आला. काकू त्या प्रकरणानंतर स्वतःहून फोन करत नसत, म्हणून ताईने तो बसूनच घेतला. काकू म्हणाल्या, बाबांनी गच्चीवरचा डबा मला आणून दिला. म्हणाले, यात काहीतरी लावा, तुळस, कोथिंबीर, काही पण. गच्चीवर जातच नाहीत आता. दार लावून बसलेले असतात. परवा मला पातेली देत होते.

“पण ते ठीक आहेत, काकू,” ताई म्हणाली.

“कोण म्हणालं?”

ताईने कोपऱ्याकडे पाहिलं. ठिपका हिरवा होता. त्या दिवशी पहिल्यांदा तो तिला एखाद्या डोळ्यासारखा वाटला, उघडा आणि काहीच न बघणारा.

तिने बाबांना फोन करून सांगितलं, उद्या येतेय मी. बाबा एवढंच म्हणाले, “बरं. तयार आहे.”

रात्रीच्या बसने निघून ती सकाळी पोचली तेव्हा आभाळ इतकं खाली आलं होतं की इमारतीचा वरचा मजला पुसल्यासारखा दिसत होता. दार उघडंच होतं. आत शिरल्यावर तिला आधी वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच्या घरात आलो. पडदे काढलेले. फडताळं रिकामी. पलंगावर गादी नव्हती, ती गुंडाळून दोरीने बांधलेली होती, आणि त्या वळकटीवर बाबा पायात बूट घालून, टोपी मांडीवर घेऊन बसले होते. शेजारी एक बॅग. भिंतीवर दाबमापकाच्या जागी गोल पांढरा डाग आणि एक खिळा.

“गाडी खाली थांबवलीस का?” बाबांनी विचारलं.

“कसली गाडी?”

“सामान फार नाही. पातेली देऊन टाकली. दूध बंद केलं, पेपर बंद केला. पण गादी बसमध्ये घेतील असं वाटत नाही.”

ताई उघड्या पलंगावर बसली. बाबा, कुठे निघालात, असं तिने विचारलं.

बाबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. ढगाकडे पाहायचे तसं, आत काय आहे याचा अंदाज घेत. मग त्यांनी अंगठ्याने खाली सरकवत सरकवत फोन तिच्यासमोर धरला. वाचून दाखवायला त्यांना चष्मा लागला नाही. पाठच होतं.

“मी लिहिलं, ‘मळभ. इथे एकट्याला आता ठीक वाटत नाही. तुझ्याकडे राहायला येऊ का?’ तू लिहिलंस, ‘वा, वाचून बरं वाटलं.’”

बाबांनी पुन्हा अंगठा फिरवला.

“दुसऱ्या दिवशी लिहिलं, ‘सामान बांधतो आहे. ठीक दहाला तयार असेन. कधी येतेस?’ तू लिहिलंस, ‘छान.’ दहा वाजता मी बूट घालून बसलो.” बाबांनी बुटांकडे पाहिलं. “मग रोजच बसायला लागलो. एकदा लिहिलं, ‘तुला अडचण असेल तर राहू दे, तसं सांग, तेही ठीक.’ त्यावर तू लिहिलंस, ‘असंच चालू द्या, बाबा.’ मला कळेना, काय चालू द्यायचं. बांधायचं की बसायचं. रविवारी विचारलं तर म्हणालीस, तसंच.”

बाहेर कुठेतरी पाण्याच्या टाकीत नळ सुटल्याचा आवाज येत होता. ताईने सांगितलं. सगळं सांगितलं. ठिपका, चाळणी, काढलेली टोपी, काढलेला डॉलर, आणि ती चारसहा उत्तरं, जी तिने एकदाच लिहिली होती आणि यंत्र रोज पाठवत होतं. सांगताना तिला स्वतःलाच ते एखाद्या वेड्या माणसाने रचल्यासारखं वाटत होतं. शब्द सापडला की ठिपका हिरवा. शब्दाच्या पुढे ‘नाही’ आहे की नाही, हे बघायला तिने त्याला सांगितलंच नव्हतं.

बाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“म्हणजे तू वाचलंच नाहीस.”

“नाही.”

“म्हणजे तू ‘या’ म्हणाली नव्हतीस.”

ताईच्या जागी उत्तर द्यायला या वेळी कोणी नव्हतं.

बाबा उठले. त्यांनी बॅगेची चेन उघडली, बनियनमध्ये गुंडाळलेलं दाबमापक काढलं, बनियनच्या टोकाने काच पुसली आणि ते पुन्हा खिळ्याला लावलं. पांढरा डाग झाकला गेला. त्यांनी काचेवर टिचकी मारली. काटा जरासा हलला आणि खालच्या बाजूला जाऊन थांबला. मग ते वळकटीपाशी गुडघा टेकून बसले आणि दोरीची गाठ सोडायला लागले. गाठ त्यांनी पक्की मारलेली होती. नखांनी सुटेना.

“दूध परत लावायला सांगतो,” ते खाली बघतच म्हणाले. “पातेली काही मागता येणार नाहीत आता. एक घेतो नवीन.”

ताईला उठून त्यांचा हात धरायचा होता. तिने तोंड उघडलं आणि तेवढ्यात तिच्या पर्समधला फोन बोंबलला.

सकाळची वेळ उलटून गेली होती. लेक स्वतः येणार म्हणून बाबांनी त्या दिवशी अहवाल पाठवलाच नव्हता. ठिपका लाल झाला होता. खालच्या मजल्यावर एक दार धाडकन उघडलं आणि जिन्यावर चपला वाजायला लागल्या. मधेच थांबत, धापा टाकत, पण न चुकता वर येत. काकू दारात येऊन चौकट धरून उभ्या राहिल्या. त्यांनी रिकामं घर पाहिलं, उघड्या पलंगावर बसलेली ताई पाहिली, जमिनीवर गुडघा टेकलेले बाबा पाहिले, आणि छातीवर हात ठेवून विचारलं, “आता कोण गेलं?”

“कोणी नाही,” बाबा म्हणाले. “मी इथेच आहे.”

ताईचा फोन वाजतच होता. आता धाकट्याचा होता. तिने तो कानाला लावला. पलीकडे तो झोपेतून उठून एका दमात बोलत होता, ताई, लाल झालंय, मेसेजच नाहीये, काकू फोन उचलत नाहीत, तू कुठे आहेस, बाबा कुठे आहेत, परत पडले का, मी आधीच सांगत होतो तुला, तू विचारलंस का त्यांना, अजून विचारलंच नसशील ना?

“बाबा माझ्यासमोर आहेत,” ताई म्हणाली.

बाबांची बोटं गाठीवरच होती. ती थांबली होती. काकू चौकट सोडून एक पाऊल आत आल्या होत्या. ताई उठली, भिंतीपाशी गेली, आणि फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये दाबून धरून तिने दोन्ही हातांनी दाबमापक खिळ्यावरून उचललं. ते तिला वाटलं होतं त्याहून जड होतं. व्यायामाची सायकल, कपड्यांचा घोडा, ती भिंत दिसणारी खिडकी, सगळं तिच्या डोळ्यांपुढे होतंच.

“ठीक आहेत का ते?” धाकट्याने विचारलं.

“नाही,” ताई म्हणाली, आणि मग फोनकडे नाही, बाबांकडे बघत, “ठीक नाहीत. खिडकीतून फक्त भिंत दिसते, बाबा, ते आधीच सांगून ठेवते. पण आजपासून तुम्ही माझ्याकडे राहायचं.”